बत्तीस टक्के : समृद्ध हवेचा इतिहास आणि एका सहीचे मूल्य

#थ्रेड #इतिहास #विज्ञान

१/
स्कूबा पाणबुड्यांना सिलिंडर भरून देणाऱ्या केंद्रांत एक नियम जगभर पाळला जातो. साधी हवा भरलेले सिलिंडर प्रशिक्षित पाणबुडा सरळ उचलून नेतो. सिलिंडरमध्ये ‘नायट्रॉक्स’, म्हणजे ऑक्सिजनने समृद्ध केलेली हवा असेल, तर मात्र भरणाऱ्याच्या शब्दावर भागत नाही. ज्याला ती हवा श्वासात घ्यायची आहे, त्याने स्वतःच्या हाताने ऑक्सिजनचे प्रमाण मोजायचे, ते सिलिंडरवर लिहायचे आणि नोंदवहीत सही करायची. त्याशिवाय सिलिंडर दाराबाहेर पडत नाही.

२/
वरवर पाहता हा कागदी सोपस्कार वाटतो. प्रत्यक्षात त्या सहीमागे बराच मोठा इतिहास आहे. त्यात प्रयोगशाळेतील प्राणी आहेत, पुलांच्या पायात अधू झालेले मजूर आहेत, महायुद्धातील तरुण नौसैनिक आहेत, जमिनीवरच जळून गेलेले तीन अंतराळवीर आहेत आणि एका क्रीडाविश्वाने आपसांत मांडलेले कडवे भांडणही आहे. हा धागा त्या सहीचा इतिहास आहे.

३/
आरंभ १ ऑगस्ट १७७४ पासून. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे लाल भस्म तापविले. त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळू लागली. पुढील वर्षी त्यांनी या वायूने भरलेल्या बंद भांड्यात उंदीर ठेवला. साध्या हवेत जितका जगला असता, त्याहून तो पुष्कळ अधिक काळ तगला. स्वीडनच्या कार्ल शेले यांनी हा वायू त्याआधीच मिळविला होता, पण त्यांचे लेखन मागाहून प्रसिद्ध झाले. ‘ऑक्सिजन’ हे नाव लाव्हाझिए यांनी दिले.

४/
प्रीस्टली यांनी तो वायू स्वतःही श्वासात घेतला आणि छाती हलकी झाल्याचे नोंदविले. मात्र त्याच लेखनात त्यांनी एक शंकाही मांडून ठेवली. या वायूत मेणबत्ती भराभर जळून संपते, तसेच माणसाचे आयुष्यही भराभर संपेल काय? आजाऱ्याला उपकारक ठरणारी ही हवा निरोगी माणसाला मानवेलच असे नाही, असे त्यांना वाटले. ऑक्सिजनच्या जन्माबरोबरच त्याचे भयही जन्मले होते. ते भय कितपत खरे, हे कळण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली.

५/
आता दुसऱ्या वायूची बाजू. हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेला बहुतांश भाग नायट्रोजन असतो. शरीर नायट्रोजन वापरीत नाही. तो नुसता आत-बाहेर जातो. पण समुद्रात दर १० मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाचा दाब वाढतो आणि त्या दाबाखाली नायट्रोजन रक्तात व स्नायूंत विरघळू लागतो. वर येताना दाब उतरला की तो बाहेर पडू पाहतो. सावकाश उतरला तर फुप्फुसांवाटे निघून जातो. एकाएकी उतरला तर सोडावॉटरच्या बाटलीचे झाकण उघडावे, तसे शरीरातच बुडबुडे धरतात.

६/
हे प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसले ते समुद्रात नव्हे, नद्यांच्या तळाशी. सेंट लुईस येथे मिसिसिपी नदीवर जेम्स ईड्स यांचा पूल १८७४ मध्ये खुला झाला. त्याचे पाये खणताना पाणी बाहेर रोखण्यासाठी दाबलेल्या हवेने भरलेल्या पेट्या, म्हणजे ‘केसन’, वापरल्या गेल्या. आत काम करून वर आलेले मजूर सांधेदुखीने वाकून जात. कित्येकांना पक्षाघात झाला आणि डझनाहून अधिक दगावले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याच व्याधीने अंथरुणाला खिळले. काम पुढे रेटण्यात त्यांच्या पत्नी एमिली यांचा वाटा मोठा होता. वाकलेल्या त्या मजुरांमुळे व्याधीला नाव पडले ‘बेंड्स’.

७/
व्याधीचे कारण फ्रान्सच्या पॉल बेर यांनी उलगडले. वायुदाबाविषयीचा त्यांचा प्रचंड ग्रंथ १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. दाबाखाली विरघळलेला नायट्रोजन दाब उतरताच बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो आणि तोच घात करतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. यावरून एक उपाय कोणालाही सुचावा : नायट्रोजन काढून टाका, शुद्ध ऑक्सिजन द्या, बुडबुड्यांचे मूळच उपटले जाईल.

८/
पण त्याच ग्रंथात त्या उपायाची वाट अडविणारा दुसरा शोध होता. दाबाखालील ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या प्राण्यांना आकडी येत होती आणि ते मरत होते. जीवन देणारा वायू ठरावीक दाबापलीकडे मज्जासंस्थेचे विष होतो. एकाच माणसाने, एकाच पुस्तकात, पाणबुड्याच्या दोन्ही शत्रूंची ओळख करून दिली. समृद्ध हवेचा पुढचा सगळा इतिहास या दोन शोधांच्या मधल्या अरुंद वाटेने चालतो.

९/
नायट्रोजनचा बंदोबस्त आधी झाला. ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बॉयकॉट आणि डॅमंट या सहकाऱ्यांसह शेळ्यांवर प्रयोग केले आणि १९०८ मध्ये पाणबुड्यांसाठी कोष्टके प्रसिद्ध केली. किती खोल, किती वेळ, वर येताना कोठे किती थांबायचे, याचा हिशोब प्रथमच कागदावर आला. त्याआधी पाणबुड्याचे परतणे नशिबावर सोडलेले असे. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ १९००-०१ मध्ये प्राचीन जहाजाचे अवशेष वर काढणाऱ्या स्पंज-पाणबुड्यांपैकी एक मरण पावला आणि दोघे अधू झाले. आजचे वाचक ज्या प्राचीन यंत्राचे कौतुक करतात, त्याची किंमत अशी मोजली गेली होती.

१०/
शुद्ध ऑक्सिजनचा मोहही सुटला नव्हता. हेन्री फ्ल्यूस यांनी १८७८ च्या सुमारास ऑक्सिजनवर चालणारे, सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारे उपकरण बनविले. १८८० मध्ये अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुडा ते पाठीवर घेऊन ब्रिटनमधील सेव्हर्न बोगद्यात शिरला. पाण्याने भरलेल्या त्या बोगद्यात, काळोखात चाचपडत जाऊन त्याने आतला दरवाजा बंद केला. उपकरण उपयोगी होते, यात शंका नव्हती. ते किती खोलीपर्यंत सुरक्षित आहे, हे मात्र कोणी नेमके मोजले नव्हते.

११/
ते मोजण्याची निकड दुसऱ्या महायुद्धाने आणली. शत्रूच्या बंदरांत गुपचूप शिरणाऱ्या पाणबुड्यांना बुडबुडे न सोडणारे ऑक्सिजनचे उपकरण हवे होते. १९४२ पासून ब्रिटिश नौदलाचे वैद्यकीय अधिकारी केनेथ डोनाल्ड यांनी स्वयंसेवक नौसैनिकांवर दोन हजारांहून अधिक प्रयोग केले. माणूस पाण्याने भरलेल्या दाबकक्षात उतरे, ऑक्सिजन घेत राही आणि ओठ थरथरू लागण्याची किंवा आकडी येण्याची वाट पाहिली जाई. त्या तरुणांनी या अदृश्य वैऱ्याला एक थट्टेचे नावही दिले होते : ‘ऑक्सिजन पीट’.

१२/
डोनाल्ड यांचे निष्कर्ष १९४७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. त्यांतील सर्वांत अस्वस्थ करणारा असा : सहनशक्ती माणसागणिक वेगळी असते, एवढेच नाही, त्याच माणसाची सहनशक्ती दिवसागणिक बदलते. काल ज्या खोलीवर ज्याला काही झाले नाही, त्याला आज तेथेच आकडी येऊ शकते. अनुभवी पाणबुड्याचा ‘मला काही होत नाही’ हा विश्वास येथे फोल ठरला. ऑक्सिजनच्या बाबतीत अनुभव हा पुरावा होऊ शकत नाही. भरवसा ठेवायचा तो मोजलेल्या आकड्यावर.

१३/
युद्धाच्या त्याच काळात मधली वाट आकार घेऊ लागली. बंदरांतील सुरुंग निकामी करणाऱ्या ब्रिटिश पाणबुड्यांसाठी ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्या मिश्रणावर चालणारी उपकरणे तयार झाली. शुद्ध ऑक्सिजनपेक्षा अधिक खोल जाता यावे आणि साध्या हवेपेक्षा नायट्रोजन कमी साठावा, हा हेतू. दोन शत्रूंपैकी एकालाही पूर्ण हरवायचे नाही; दोघांनाही मर्यादेत ठेवायचे. नायट्रॉक्सची मूळ कल्पना एवढीच आहे.

१४/
हिशोब शाळकरी गणिताचा आहे. ३० मीटर खोलीवर एकूण दाब सुमारे ४ बार असतो. मिश्रणात ३२ टक्के ऑक्सिजन असेल, तर त्याचा वाट्याचा दाब, म्हणजे आंशिक दाब, ४ × ०.३२ = १.२८ बार. स्कूबासाठी प्रचलित मर्यादा १.४ बारची आहे, १.६ हा अडीअडचणीपुरता राखून ठेवलेला शेवटचा टप्पा. १.४ ला ०.३२ ने भागले की ४.३७ बार मिळतात, म्हणजे साधारण ३३ मीटर. ३६ टक्क्यांच्या मिश्रणाला हीच सीमा २८ मीटरच्या थोडी पुढे येते.

१५/
येथे एक लोकभ्रम उघडा पडतो. ऑक्सिजन अधिक, म्हणजे अधिक खोल जाता येईल, असे अनेकांना वाटते. खरे अगदी उलट आहे : ऑक्सिजन जितका अधिक, तितकी तळाची सीमा वर सरकते. लाभ खोलीचा नसून वेळेचा आहे. ३२ टक्क्यांचे मिश्रण घेऊन ३० मीटरवर असलेल्या पाणबुड्याच्या शरीरात नायट्रोजन साठतो तो जणू तो साध्या हवेवर सुमारे २४.५ मीटरवर आहे, या बेताने. मनोरंजनासाठी बुडी मारणाऱ्यांच्या एका प्रचलित कोष्टकात ३० मीटरला २० मिनिटे आणि २५ मीटरला २९ मिनिटे मिळतात. नऊ मिनिटांचा हा फरक, हीच समृद्ध हवेची कमाई.

१६/
नऊ मिनिटे ऐकायला थोडी वाटतात. तळाशी मोजमाप करणाऱ्या, प्रवाळांची नोंद घेणाऱ्या किंवा बुडालेल्या जहाजाचा आराखडा काढणाऱ्या माणसाला ती फार मोलाची असतात. म्हणूनच हे मिश्रण प्रथम शास्त्रज्ञांनी आपलेसे केले. अमेरिकेची सागर व वातावरणविषयक संस्था ‘नोआ’ १९७० मध्ये स्थापन झाली. तिच्या पाणबुडी केंद्राचे पहिले संचालक मॉर्गन वेल्स यांनी समृद्ध हवेच्या कार्यपद्धती बसविल्या आणि १९७९ मध्ये त्या नोआच्या मार्गदर्शक पुस्तिकेत छापल्या गेल्या. ३२ टक्क्यांचे मिश्रण ‘नोआ नायट्रॉक्स १’ म्हणून ओळखले गेले. पुढे ३६ टक्क्यांचे ‘२’ झाले.

१७/
शास्त्रज्ञांच्या हातातील साधन हौशी लोकांपर्यंत नेले ते नोआमध्येच काम केलेल्या डिक रुटकोव्स्की यांनी. निवृत्तीनंतर १९८५ मध्ये त्यांनी फ्लोरिडात नायट्रॉक्स शिकविणारी संघटना उभी केली. तीच आज ‘आयएएनटीडी’ या नावाने परिचित आहे. त्यानंतर अशाच आणखी संघटना निघाल्या. मग वादळ उठले.

१८/
१९९१ मध्ये ‘स्किन डायव्हर’ या अमेरिकेतील प्रमुख मासिकाने हौशी पाणबुड्यांनी नायट्रॉक्स वापरण्याविरुद्ध भूमिका घेतली. विरोधकांच्या तोंडी या मिश्रणाचे नाव झाले ‘व्हूडू गॅस’, म्हणजे जणू चेटकाचा वायू. त्याच सुमारास ह्यूस्टन येथील या व्यवसायाच्या मोठ्या प्रदर्शनात नायट्रॉक्स शिकविणाऱ्यांना मज्जाव करण्यात आला. गदारोळ झाल्यावर तो मागे घेतला गेला. १९९२ मध्ये ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लबने आपल्या उपक्रमांत नायट्रॉक्स वापरण्यास बंदी घातली.

१९/
विरोधक केवळ सनातनी होते, असे म्हणणे अन्याय्य ठरेल. त्यांच्या भीतीला आधार होता. ऑक्सिजनची आकडी बहुधा पूर्वसूचना देत नाही. जमिनीवर अशी आकडी येऊन ओसरते. पाण्याखाली तोंडातील माउथपीस सुटते आणि माणूस बुडतो. साध्या हवेच्या जगात वाढलेला पाणबुडा सिलिंडरमध्ये काय आहे, हा प्रश्न कधी विचारीत नसे, कारण उत्तर नेहमी एकच असे. आता एकसारख्या दिसणाऱ्या दोन सिलिंडरांत दोन वेगळ्या गोष्टी असू शकत होत्या आणि त्यांना ना वास होता, ना चव.

२०/
मग पारडे फिरले कसे? शरीरशास्त्र बदलले नव्हते. बेर आणि डोनाल्ड यांचे निष्कर्ष होते तेथेच होते. बदलली ती शिस्त. १९९२ च्या कार्यशाळेत समर्थक व विरोधक समोरासमोर बसले आणि मार्गदर्शक नियम ठरले. मिश्रणाचे प्रमाण स्वीकारणारी मनगटी संगणकयंत्रे आली. ब्रिटिश क्लबने बंदी उठवून १९९५ पासून प्रशिक्षण देण्याचे ठरविले आणि १९९६ मध्ये ‘पॅडी’ या बलाढ्य संघटनेने पूर्ण पाठिंबा जाहीर केला. चेटकाचा वायू पाच वर्षांत अभ्यासक्रमात शिरला. त्या शिस्तीचे पहिले घर म्हणजे सिलिंडर भरण्याची जागा.

२१/
भरण्याची सर्वांत जुनी रीत ‘आंशिक दाबाची’. रिकाम्या सिलिंडरमध्ये आधी शुद्ध ऑक्सिजन सोडायचा, मग वर साधी हवा. २०० बारला ३२ टक्के हवे असतील तर आधी सुमारे २८ बार ऑक्सिजन आणि उरलेली १७२ बार हवा. पडताळा सोपा आहे : १७२ च्या २१ टक्के म्हणजे ३६, त्यात २८ मिळविले की ६४, आणि २०० पैकी ६४ म्हणजे ३२ टक्के. कागदावर इतके सरळ असलेले हे काम प्रत्यक्षात धोक्याचे का, हे समजण्यासाठी क्षणभर समुद्र सोडून अंतराळ-संशोधनाकडे वळावे लागते.

२२/
२७ जानेवारी १९६७. केप केनेडी येथे अपोलो १ च्या यानकक्षात सराव चालू होता. आत दाबाखालील शुद्ध ऑक्सिजन भरलेला होता. एक ठिणगी पुरेशी ठरली. ज्या वस्तू साध्या हवेत मंद पेटल्या असत्या, त्या क्षणार्धात भडकल्या आणि गस ग्रिसम, एड व्हाइट व रॉजर चॅफी हे तिघेही प्राणास मुकले. ऑक्सिजन स्वतः जळत नाही. तो इतर सर्वांना जळायला लावतो. सिलिंडरच्या व्हॉल्व्हमधील तेलाचा थेंब, रबराचा कण, चुकीचे ग्रीस ही त्याच्या दृष्टीने सरपणाची मोळी असते.

२३/
म्हणून उपकरणांच्या अटी. शुद्ध ऑक्सिजन ज्यातून जाणार, ते सिलिंडर आणि त्याचा व्हॉल्व्ह ‘ऑक्सिजन-स्वच्छ’ असावे लागतात : सुटे करून, तेल-चिकटाचा अंशही उरणार नाही असे धुतलेले. नेहमीच्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंगऐवजी व्हायटॉनच्या, आणि सिलिकॉन ग्रीसऐवजी ऑक्सिजनमध्ये न पेटणारे खास वंगण. वर भरायची हवाही वेगळी. अमेरिकेत श्वसनासाठीच्या साध्या हवेत घनमीटरला ५ मिलिग्रॅम तेल चालते. ऑक्सिजनमध्ये मिसळायच्या हवेत ०.१ मिलिग्रॅमच. अशा सिलिंडरमध्ये एकदा जरी नेहमीच्या कॉम्प्रेसरची साधी हवा भरली, तरी त्याची स्वच्छता संपली असे मानून ते पुन्हा धुण्यास पाठवितात.

२४/
ठिणगी कोठून येते, हा पुढचा प्रश्न. बाहेरून यावी लागतच नाही. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक तापते; वायू झटक्याने दाबला की तो तापतो. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह एकदम उघडला तर नळीच्या टोकाशी आधीच असलेला वायू क्षणात दाबला जातो आणि तापमान इतके चढते, की तेथील तेल वा रबर पेट घेऊ शकते. म्हणून भरणारा कसलेला माणूस व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडतो आणि भरण्याचा वेगही मंद ठेवतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो संथपणा आळस वाटतो. प्रत्यक्षात तीच त्याची विद्या असते.

२५/
कितव्या टक्क्यापासून ही काळजी घ्यायची, यावर जगाचे एकमत नाही. व्यावसायिक पाणबुड्यांसाठी अमेरिकेत १९७७ मध्ये झालेल्या नियमांनी ४० टक्क्यांची रेघ आखली. त्यापुढची उपकरणे ऑक्सिजनसाठीच घडविलेली आणि स्वच्छ केलेली हवीत. हौशी विश्वानेही हीच रेघ मानली; म्हणून ३२ किंवा ३६ टक्क्यांसाठी नेहमीचा रेग्युलेटर सहसा चालतो, मात्र त्याच्या उत्पादकाची सूचना शेवटचा शब्द मानावी लागते. युरोपीय मानकांनी रेघ २२ टक्क्यांवरच ओढली आणि २००८ पासून नायट्रॉक्ससाठी वेगळ्या आट्यांचा एम-२६ व्हॉल्व्ह आणला. चुकीचा रेग्युलेटर त्यावर बसूच नये, हा हेतू. अनावश्यक खर्च, हा त्यावरचा आक्षेप.

२६/
या रेघेचा एक गैरसमज मात्र घातक आहे. ‘मिश्रण ३२ टक्क्यांचेच आहे, मग सिलिंडर स्वच्छ नसले तरी काय बिघडले?’ हा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. आंशिक दाबाच्या रीतीत अंतिम मिश्रण ३२ टक्क्यांचे असले, तरी आरंभीची काही मिनिटे त्या व्हॉल्व्हमधून शंभर टक्के ऑक्सिजनच वाहत असतो. पेट घेण्याची वेळ तीच. शेवटी काय उरले, यापेक्षा वाटेत काय गेले, हे येथे महत्त्वाचे.

२७/
हा धोका टाळणाऱ्या दोन रीती आहेत. पहिली मॉर्गन वेल्स यांचीच : कॉम्प्रेसरच्या तोंडाशी कमी दाबाचा ऑक्सिजन हवेत सतत मिसळत राहायचा आणि तयार मिश्रणच दाबून भरायचे. दुसरी पडद्याची : सूक्ष्म पोकळ तंतूंमधून हवा पाठविली की ऑक्सिजन तंतूंच्या भिंतीतून नायट्रोजनपेक्षा लवकर पार होतो आणि समृद्ध हवा वेगळी निघते, ऑक्सिजनचे सिलिंडर आणावेच लागत नाही. दोन्ही रीतींत मिश्रण सहसा ४० टक्क्यांच्या आत ठेवतात आणि पाणबुड्याच्या सिलिंडरला शुद्ध ऑक्सिजन स्पर्शही करीत नाही.

२८/
रीत कोणतीही असो, शेवट एकच : मोजणी. ऑक्सिजन अ‍ॅनलायझरमध्ये एक छोटा रासायनिक घट असतो. त्याच्यावर ऑक्सिजनचा जितका दाब, तितका विद्युतदाब तो निर्माण करतो. आधी तो साध्या हवेत धरून २०.९ टक्क्यांवर जुळवायचा, मग सिलिंडरमधून मंद आणि स्थिर धार सोडून आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचे. हा घट झिजतो, काही वर्षांत मरतो, ओलाव्याने आणि धारेच्या वेगाने फसतो. म्हणून जुळवणी आधी आणि भरवसा नंतर.

२९/
मग पट्टी चिकटवितात. तिच्यावर ऑक्सिजनचा टक्का, त्यावरून निघणारी कमाल खोली, तारीख आणि मोजणाऱ्याची आद्याक्षरे. तोच टक्का मनगटावरील संगणकयंत्रात भरायचा. हे न केल्यास काय होते? पट्टीवर ३२ असून आत चुकून ५० टक्के असेल, तर ३० मीटरवर आंशिक दाब २.० बार होतो, म्हणजे आकडीच्या थेट छायेत. उलट आत नुसती हवा असेल, तर नऊ मिनिटे फुकट मिळाली अशा समजुतीत पाणबुडा तळाशी रेंगाळतो आणि बेंड्स घेऊन वर येतो. एका चुकीत बेर यांचा एक शोध वाट पाहत असतो, दुसऱ्या चुकीत दुसरा.

३०/
मराठी वाचकाच्या अंगणातही या विषयाचे धागे आहेत. भारतात संपीडित वायूंची सिलिंडरे गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, नागपुरात आहे. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा संस्था आहे. मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटक मारतात त्या बुड्या मात्र उथळ असतात. तेथे नायट्रोजनची मर्यादा येण्याआधी सिलिंडरच संपते. अशा ठिकाणी समृद्ध हवा हा निव्वळ खर्च आहे. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९८३ पासून द्वारकेजवळ पाण्याखाली जे उत्खनन केले, तेही मुख्यतः उथळ पाण्यातच. मिश्रण प्रतिष्ठेसाठी निवडायचे नसते. खोली पाहून निवडायचे असते.

३१/
तरुण अभ्यासकांपैकी कोणी उद्या बुडालेल्या बंदरांच्या वा जहाजांच्या शोधात २५-३० मीटरवर उतरेल, तेव्हा ती नऊ मिनिटे त्याच्या कामी येतील. त्या वेळी भरणाऱ्याने ‘मोजलंय, घेऊन जा’ असे कितीही आपुलकीने म्हटले, तरी अ‍ॅनलायझर मागून घ्यावा. त्यात अविश्वास नाही आणि चांगला भरणारा तसा मानतही नाही. तो स्वतःच यंत्र पुढे करतो.

३२/
विज्ञानाच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावे राहतात. दाबकक्षात ओठ थरथरेपर्यंत थांबलेल्या नौसैनिकांची आणि पुलाच्या पायातून वाकून बाहेर आलेल्या मजुरांची नावे बहुतेकांना ठाऊक नसतात. त्यांनी शरीराने जे मोजून दिले, ते आज एका छोट्या यंत्रावर दोन आकड्यांत वाचता येते. आकडा वाचण्याचे काम मात्र प्रत्येकाने स्वतःच करायचे असते, कारण खाली तो श्वास दुसरे कोणी घेणार नसते.

(समाप्त)